इंजिन फिरलंय, गाडी न्हाई

गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८. दौंड स्टेशन, साहेबांची खोली. सकाळचे साडेदहा.

हजर: स्टेशनचे साहेब, प्रवासी मंडळाचे अध्यक्ष बोऱ्हाडे सर, चिटणीस, म्हणजे मी, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आली होती ते गेनूआबा. गैरहजर: तक्रारदार. त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की दौंडला पुन्हा येण्याची त्यांची हिंमत नाही, कारण मागच्या वेळी ते दौंडला आले तेव्हा त्यांना दौंडला उतरूच दिलं गेलं नव्हतं.

उतरू न देणारे हेच गेनूआबा.

ज्यांची गाडी दौंडवरून कधी गेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा करते. नगरकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडात शिरते ती सोलापूरकडे तोंड करून. पुणे राहतं पाठीमागं. मग इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून फिरून गाडीच्या शेपटाला येऊन लागतं, आणि शेपटाचं तोंड होतं. गाडी ज्या बाजूनं आत आली त्याच बाजूनं बाहेर पडते. यात वीसेक मिनिटं जातात. या वीस मिनिटांत चहा पिणाऱ्याला सगळं कळतं. झोपलेल्याला काहीच कळत नाही. तो जागा होतो तेव्हा गाडी चालू लागलेली असते आणि झाडं भलत्याच बाजूला पळत असतात. मग तो ओरडतो, "अरे, गाडी माघारी चालली!" आणि पिशवी घेऊन दाराकडे धावतो.

त्या दारात गेनूआबा उभे असतात.

सत्तरीला टेकलेला माणूस. धोतर, खाकी सदरा, काखेत छत्री. रोज फलाटाचं तिकीट काढून आत यायचं आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकीखिडकीतून सांगत जायचं: "इंजिन फिरलंय, गाडी न्हाई! पुण्यालाच जाती! बसून ऱ्हावा!" गाडी हलली की उरलेल्या भित्र्यांसाठी डब्यात चढायचं, धावत येणाऱ्याचं मनगट धरायचं, त्याला बाकावर बसवायचं आणि गाडीनं वेग घ्यायच्या आत खाली उडी टाकायची. पगार नाही, बिल्ला नाही, कोणी सांगितलेलं नाही.

माझी त्यांची ओळख अशीच मनगटावरून झाली. नगरला कचेरीचं चार दिवसांचं प्रशिक्षण उरकून मी परत येत होते. मी तहसील कचेरीत अभिलेख खोली सांभाळते, म्हणजे जुने कागद जिथे असायला हवेत तिथे आहेत की नाही ते बघते. प्रवासात माझ्याजवळ सामानाची यादी असते आणि उतरण्यापूर्वी मी ती ताडून बघते. त्या दिवशी छत्री सापडेना म्हणून थोडा उशीर झाला. गाडी हलायच्या बेताला मी दाराशी आले, तर हे आडवे.

"बाई, बसा. इंजिन फिरलंय, गाडी न्हाई."

"अहो, मला इथंच उतरायचंय. मी दौंडची आहे."

"समदे असंच म्हंत्यात. दौंडच्या, तर सांगा, टांग्याच्या अड्ड्यावर लिंब व्हता का पिंपळ?"

"मला काय माहीत! मी मूळची शिरूरची. इथं दिलीय मला."

"शिरूरच्या?" त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "मंग तर बसाच तुम्ही. शिरूरच्या माणसाला गाडीतलं काय कळतंय? तिथं रूळच न्हाई."

मी मनगट सोडवून त्यांच्या काखेखालून उतरले. छत्री डब्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली, आबांच्या हातात. गाडीत चढून बाकाखालून काढून आणली होती म्हणे. "वरडत सुटलो खाली उतरून, पण तुम्ही मागं वळून बघाल तर शपथ," ते म्हणाले. आणि पायरीवर बसून त्यांनी मला शिरूरला रेल्वे का आली नाही ते सांगितलं.

गोष्ट अशी. आबांचे आजोबा टांगेवाले. साहेबाच्या राज्यात दौंडचं स्टेशन झालं आणि टांग्यांचा अड्डा लागला. शिरूरला तेव्हा साहेबाची छावणी. आबांच्या सांगण्याप्रमाणे तिकडे जाणारा साहेब इथं उतरायचा आणि आजोबांच्या टांग्यात बसायचा, वाटेत घोडं बदलायचं, नदीला पाणी असलं तर नावेची वाट बघायची. मग एक मोजणीवाला साहेब आला. शिरूरकडं रूळ टाकायचे, जमीन कशी आहे ते बघायला. आजोबांनी ओळखलं, रूळ गेले की टांगा गेला. त्यांनी त्या साहेबाला अशा वाटेनं नेलं की एक खड्डा चुकवला नाही. ओढा सरळ ओलांडायचा तिथं तिरका ओलांडला. शिरूरला पोचेपर्यंत साहेबाच्या नकाशाचा चुरा आणि कमरेचा काटा ढिला. त्यानं कागदावर लिहिलं: जमीन अशक्य. "म्हनून शिरूर आजवर कोरडं हाय," आबा म्हणाले. "माफी असावी. तुमच्या गावाचं नुकसान आमच्या आज्यानं केलं."

मी अभिलेख खोलीची बाई. याला पुरावा काय, असं विचारणारच होते. पण ते खरोखर हात जोडून उभे होते. मी माफ केलं. शिरूरच्या वतीनं.

दौंडला ते दौंड क्वचितच म्हणत. "साहेबाला दौंड म्हंता येईना, त्यानं पाटीवर धोंड लिवलं. चांगल्या गावाचा दगड केला." आणि तरी टांग्याच्या काळाची आठवण काढताना "आमच्या धोंडात" असंच म्हणत, ऐटीत.

या माणसाला सगळ्यात मोठी काळजी दिशेची. कुणाच्या घरी गेले तर बसण्याआधी विचारणार, "जायचं ह्याच दारानं ना?" एसटीत चढले की चालकाला दोनदा विचारणार, "मागं घिऊन मंग फुडं जानार, का सरळच?" आमच्या शेजारच्या कदमांच्या घरात सासू-सुनेचं वाजलं आणि सून माहेरी जायला निघाली, तर आबा मध्ये पडले. सासूला म्हणाले, "आवो, डबं तीच हायत. इंजिन तेवढं ह्या टोकाचं त्या टोकाला लागलं. चालू द्या की." सून पिशवी ठेवून आत गेली. सासू आठवडाभर आबांशी बोलली नाही.

समजावण्याची त्यांची एकच पद्धत. बाकावर काड्यापेटी ठेवायची, ती गाडी. एक काडी काढायची, ते इंजिन. काडी इकडून तिकडे न्यायची. तरी समोरच्याला पटलं नाही की शेवटचा दाखला टांग्याचा: "टांग्यात मागल्या शिटावर बसलाय का कवा? तोंड कुठं असतंय? आलेल्या वाटंकडं. समदी वाट उलटं तोंड करून जातंय माणूस. आन् पोचतंय कुठं? शिरूरलाच ना!" हे मी बऱ्याच पदवीधरांना पटताना पाहिलंय.

गाडी वेळेवर असली तर ते तास दीड तास आधी फलाटावर. उशिरा असली तर जीव जास्तच खालीवर. मी एकदा म्हटलं, "आबा, उशीर आहे तर घरी जाऊन भाकरी खाऊन या." तर म्हणाले, "लेट गाडीत माणसं जास्त झोपत्यात, बाई." हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मी तो वहीत उतरवून घेतला.

तर आता तक्रार. बारामतीकडचा मुलगा, दौंडची मुलगी, साखरपुडा दौंडला. मुलाचे मामा नगरला नोकरीला. ते अंगठी आणि साडी घेऊन गाडीत बसले आणि झोपले. जागे झाले तेव्हा गाडी हललेली, खिडकीत दौंडची पाटी सरकतेय. ते धावले. दारात आबा.

"मामा, बसा! इंजिन फिरलंय, गाडी न्हाई!"

"अहो, मामाच आहे मी! मुलाचा! सोडा!"

आबा सगळ्यांनाच मामा म्हणतात. त्यांना वाटलं, माणूस घाबरून काहीही बोलतोय. असे बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिलेले. त्यांनी मामांना दोन्ही खांदे धरून बसवलं, शेजारच्याला बजावलं, "ह्यास्नी पुण्याशिवाय उठू दिऊ नका," आणि खाली उतरले. शेजारचाही शब्दाचा पक्का निघाला. मामा थेट पुण्याला गेले. इकडे दोन्हीकडची मंडळी पाटावर. शेवटी मुलीच्या आत्याच्या बोटातली अंगठी काढून वेळ निभावली, आणि मग ती मुलीच्या बोटातून निघेना. आत्या अजून त्यावरून बोलते असं पत्रात होतं.

बोऱ्हाडे सरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. ते गणिताचे निवृत्त शिक्षक, हसू आलं की चष्मा पुसतात. त्या दिवशी तीन वेळा पुसला. साहेब मात्र हसले नाहीत. ते बदलून आलेले, सज्जन, पण नियमाचे.

"आबा, अंगठीचं सोडा. तुम्ही चालत्या गाडीत चढता. चालत्या गाडीतून उतरता. वय काय तुमचं? उद्या पाय घसरला तर जबाबदार कोण?"

आबा छत्रीच्या मुठीवर हात ठेवून खाली बघत बसलेले.

"खिडकीतून सांगता तेवढं पुरे आहे की," सर म्हणाले. "आत कशाला चढायचं?"

"सांगून भागत न्हाई, सर. हात धरावा लागतो."

"का पण?"

आणि तेवढ्यात लांबून गाडीची शिट्टी आली. ते उठले. "तुमचं चालू द्या साहेब. गाडी आली," एवढं म्हणून, ज्यांच्यावरून बैठक होती तेच निघून गेले.

मागे आम्ही तिघांनी ठराव केला. झोपलेल्यांना जागं करायला कर्ण्यावरून नीट निवेदन व्हावं. निवेदनाचा सोपा मराठी मजकूर चिटणीसांनी, म्हणजे मी, पंधरा दिवसांत लिहून द्यावा. आणि ज्या दिवशी ते निवेदन सुरू होईल त्या दिवसापासून गेनूआबांनी फलाटावर येऊ नये. हा शेवटचा भाग साहेबांनी दोनदा वाचून घेतला. मला तो योग्य वाटला. माणसाच्या जागी व्यवस्था आली की कामं होतात, हे माझं मत होतं.

मी त्याच संध्याकाळी मजकूर लिहिला. शुक्रवारी कचेरी सुटल्यावर ठरावावर आबांची सही घ्यायला त्यांच्या घरी गेले. जुन्या अड्ड्यामागे दोन खोल्या. आबा घरी नव्हते, उशिरा येणाऱ्या गाडीसाठी गेले होते. गयाबाई, त्यांच्या पत्नी, सुपात हुलगे निवडत होत्या. बारीक, नीटनेटक्या, फार हळू बोलणाऱ्या. मूलबाळ नाही एवढं मला ठाऊक होतं.

मला एक कल्पना सुचली. मजकूर तपासायला याहून चांगला श्रोता कोण? मी कागद काढला.

"गयाबाई, समजा तुम्ही गाडीत झोपलाय. गाडी दौंडला आलीय. कर्ण्यातून हे ऐकू आलं. सांगा, कळतं का." आणि वाचलं: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. इंजिनाची दिशा बदलल्यानंतर सदर गाडी पुण्याकडे रवाना होईल."

"सदर म्हंजी?"

मी सदर खोडलं. रवानाही खोडलं. तिथंच उंबऱ्यावर बसून दुसरा मजकूर केला आणि वाचला: "ही गाडी उलट्या बाजूनं निघेल, पण पुण्यालाच जाईल. घाबरू नका. खाली उतरू नका."

त्यांचे हात सुपात थांबले.

"चांगलं हाय," म्हणाल्या. "समदं कळतंय. पन बाई, हेच ती बाई मला म्हनली व्हती. असंच. येकूनयेक शबुद."

"कोण बाई?"

मग त्यांनी सांगितलं. न रडता, एखाद्या लांबच्या नात्यातलं सांगावं तसं. आबा तेव्हा टांगा हाकत होते. त्यांना एक मुलगा होता, तीन वर्षांचा. गयाबाई श्रीगोंद्याकडे माहेरी गेलेल्या, आई आजारी होती म्हणून. पोर आजीशी इथं राहिलं होतं. त्याला ताप चढला, आबा त्याला घेऊन पुण्याला इस्पितळात गेले, आणि तिकडून माणसाबरोबर सांगावा धाडला: ताबडतोब गाडीत बस, पुण्याला ये. आणि बजावून सांगितलं, दौंडला सावध राहा. गाडी माघारी निघाली तर ती पुण्याची नव्हे. लगेच उतर, दुसरी गाडी धर.

"त्यांनी तरी आत कवा बघितलं व्हतं?" गयाबाई म्हणाल्या. "समदा जल्म ठेसनाच्या भाईर. भाईर येनारी मानसं तेवढी बघितली."

गाडी दौंडला आली, आणि निघाली ती माघारी. गयाबाई उठल्या. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, बसा, गाडी उलटी निघते पण पुण्यालाच जाते, उतरू नका.

"मग तुम्ही का उतरलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"घरच्या मानसानं उतर म्हनून सांगितलं व्हतं. परक्या बाईचं कसं ऐकावं?" त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "दुसऱ्या दिशी पोचले. पोरगं पहाटंच गेलं व्हतं. आई कुठं हाय म्हनून इचारीत व्हतं म्हनं."

मी कागदाची घडी घातली.

"यांना म्या कवा शबदानं बोलले न्हाई. येकदाच बोलले. टांगा इकला त्या साली. म्हनलं, ती बाई नुसतं बोलली वो. तिनं माझा हात धरला असता तर म्या बसले असते." गयाबाईंनी सूप उचलून पाखडायला सुरुवात केली. "बोलाया नको व्हतं. दुसऱ्या दिसापास्नं जात्यात रोज."

आबांची वाट न बघता मी निघाले. सही घेतली नाही.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे जे करता येण्यासारखं होतं ते केलं. आबांना गाठून एक नियम घालून दिला: आधी तिकीट विचारायचं, कुठं उतरणार ते ऐकायचं, आणि मगच हात धरायचा. त्यांना तो फार जड गेला. "इचारपूस करीस्तवर माणूस उडी टाकंल की बाई!" मी म्हटलं, "शब्द दोनच. कुठं उतरायचं? मला म्हणून दाखवा." त्यांनी म्हणून दाखवलं. पुढे महिनाभर रोज दाखवत होते, भर बाजारात, लांबून ओरडून: "बाई, कुठं उतरायचं?" भाजीवाल्या हसायच्या. पण तेव्हापासून एकही मामा पुण्याला गेला नाही. न घसरणाऱ्या, पकड घेणाऱ्या तळव्याच्या चपलाही मी त्यांना आणून दिल्या. त्या ते लग्नाकार्याला घालतात. फलाटावर अनवाणी.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. साहेबांची पंधरा दिवसांची मुदत संपली तेव्हा मी कळवलं की मजकुराची भाषा तपासणं चालू आहे. पुढच्या स्मरणपत्राला कळवलं की मजकूर विचाराधीन आहे. कचेरीची भाषा अशा वेळी फार उपयोगी पडते. ते साहेब बदलून गेले, नवे आले, त्यांनी जुनी फाईल काढली. बोऱ्हाडे सर परवा घरी येऊन म्हणाले, "बाई, चार ओळी लिहायला चार वर्षं? तुम्हाला?" मी चहा टाकला. त्यांनी चष्मा पुसला नाही. "त्याच्या पायाचं काही बरंवाईट झालं तर?" म्हणाले. "तुम्हाला कळत नसेल असं नाही."

मला कळतं. आबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत. उजवा गुडघा वाकत नाही, चढताना दांडीला दोन्ही हात लागतात, उतरताना एक. गेल्या पावसाळ्यात एकदा घसरून कोपर फोडून घेतलं आणि गयाबाईंना सांगितलं, घरामागं पडलो. मजकूर दिला तर ते उद्यापासून घरी बसतील. त्या दोन खोल्यांत, दोघं समोरासमोर. नाही दिला तर एक दिवस दांडीवरचा हात सुटेल. दोन्ही गोष्टी मी वहीत आमनेसामने लिहून बघितल्या. बेरीज येत नाही.

दुपारी माझ्या टेबलापर्यंत गाडीची शिट्टी ऐकू येते. एक आत शिरताना, एक बाहेर पडताना. दुसरी झाली की माझं पेन थांबतं. डबे खडखडत निघतात, वेग घेतात, आवाज लांब जातो. माणूस खाली उतरला की नाही, ते काही इथून ऐकू येत नाही.

नव्या साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. मजकूर माझ्या खणात आहे, दोन ओळींचा, गयाबाईंनी ऐकलेला तोच. अजून नेऊन द्यायचा आहे.